सुटण्यासाठी घडवलेली पकड

रोड बाईकचं क्लिपलेस पेडल आधी पायाविना पाहावं. सायकल भिंतीला टेकवून ठेवली की पेडलची मागची बाजू जड असल्यामुळे खाली झुकते आणि पुढचं टोक वर येतं. बुटाच्या तळाला तीन स्क्रूंनी बसवलेल्या क्लीटचं नाक नेमकं त्याच टोकात शिरायचं असतं. म्हणजे पाय येण्याआधीच पेडलने त्याच्यासाठी जागा करून ठेवलेली असते. बूट पुढे सरकवायचा, नाक अडकलं की वजन टाकायचं. मागचा स्प्रिंगचा जबडा क्षणभर उघडतो आणि क्लीटवर मिटतो. खट्. नजर रस्त्यावरून हलत नाही, सगळं काम तळवा करतो. जानेवारी 2026 मध्ये पुणे ग्रँड टूर मुळशी-मावळातून गेली. अशा शर्यतीची सुरुवात डोळे मिटून ऐकण्यासारखी असते: ताफा हलताना खटक्यांची एक सरच्या सर येऊन जाते आणि मग उरतो तो फक्त साखळ्यांचा आवाज.

पण या पेडलची सगळी गोडी त्या खटक्यात आहे असं मानणाऱ्याने रचना अर्धीच वाचली. पाय धरून ठेवणं तसं सोपं. टो-क्लिप आणि चामडी पट्टे ते काम कितीतरी दशकं करत होते. पट्टा सैल करायला मात्र हात खाली न्यावा लागे. इटलीतल्या चिनेल्ली कंपनीने 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला एम-71 हे पेडल काढलं. त्यात पट्टे गेले, क्लीट सरकून बसू लागली, पण तिला मोकळं करायचं ते पुन्हा हातानेच. तोल जाताना हात हँडल सोडून पेडलपर्यंत कसा पोचणार? पकड साधली होती, सुटका साधली नव्हती, आणि म्हणूनच ते पेडल रुजलं नाही.

सुटकेची विद्या बर्फावरून आली. फ्रान्समधल्या नव्हेर शहरात झाँ बेल यांनी 1951 मध्ये लुक कंपनी काढली ती स्कीच्या बाइंडिंगसाठी. तिथला प्रश्नच वेगळा असतो. घसरणारा माणूस पडला की बूट स्कीतून निसटला पाहिजे, नाहीतर पाय पिरगळून हाड मोडतं. त्यामुळे धरायचं कसं यापेक्षा सोडायचं केव्हा, याचा विचार आधी करावा लागतो. 1984 मध्ये लुकने तोच विचार पेडलमध्ये आणला. 1985 ची टूर द फ्रान्स बर्नार इनो याच पेडलवर जिंकला आणि पुढच्या काही वर्षांत शर्यतींतले पट्टे दिसेनासे झाले.

इथे रचनेतली सर्वांत देखणी निवड दिसते. पेडल मारताना पाय खाली दाबतो, मागे खेचतो, चढावर उभं राहिलं तर वरही ओढतो. टाच जोराने बाहेरच्या अंगाला मात्र कधी वळत नाही. जी हालचाल कामात येतच नाही, तीच सुटकेसाठी राखून ठेवली. कितीही जीव तोडून चालवा, पेडल सोडणार नाही. टाच बाहेर वळवा, लगेच सोडेल.

त्याहून सूक्ष्म गोष्ट फ्लोटची, म्हणजे पकडीत असतानाही पायाला थोडं वळू देणाऱ्या मोकळिकीची. सुरुवातीच्या क्लीटमध्ये पाय एकाच कोनात जखडलेला असे आणि ते पुष्कळांच्या गुडघ्यांना सोसलं नाही. गुडघा ही नुसती बिजागरी नव्हे. तो वाकताना आणि सरळ होताना नडगीचं हाड किंचित फिरतं. मिनिटाला 90 फेऱ्यांच्या लयीत तासाला 5,400 वेळा हे फिरणं अडवलं, तर तो ताण गुडघ्यातच जिरतो. बेल यांनी पुढे टाइम या नावाने काढलेल्या पेडलमध्ये पायाला हा वाव दिला. आता शिमानोच्या एसपीडी-एसएल प्रकारात लाल क्लीट 0 अंश, निळी 2 आणि पिवळी 6 अंश फिरू देते. लुकच्या किओमध्ये काळी 0, करडी 4.5 आणि लाल 9. एकीकडचा लाल म्हणजे सर्वांत ताठ, दुसरीकडचा सर्वांत मोकळा; विकत घेताना हे ध्यानात असलेलं बरं. त्या पाच-सहा अंशांत पाय स्वतःचा कोन स्वतः शोधतो, आणि मला या सगळ्या यंत्रात तेच सर्वांत जास्त आवडतं.

पुण्याजवळ मारुंजीहून नेरेमार्गे कासारसाई धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर या सगळ्याचा कस लागतो. मारुंजीत नव्या इमारतींसाठी वाळू-खडीचे डंपर आणि काँक्रीटचे मिक्सर धावत असतात. नेऱ्याच्या पुढे रस्ता मोकळा होतो आणि पाय लय धरतात. खडबडीत पट्ट्यावर साध्या पेडलवरचा बूट जागचा हलतो, दर वेळी सावरावा लागतो. क्लीटमधला पाय होता तिथेच राहतो आणि लय तुटत नाही. खरा लाभ हाच. वर ओढण्याची जादा ताकद मिळते म्हणून ही पेडलं घ्या, असं सांगतात ते मला पटत नाही. एका लयीत चालवणारे कसलेले स्पर्धकसुद्धा वर येणारं पेडल फारसं ओढत नाहीत. त्यावरचा पायाचा भार तेवढा हलका करतात.

गाळप हंगामात याच भागात संत तुकाराम साखर कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या भेटतात. ट्रॉली वळणावर आडवी आली की थांबण्यावाचून इलाज नसतो. टाच वळवायची ती ब्रेकवर बोटं जातानाच, सायकल थांबल्यावर नव्हे. तोवर शरीर एका बाजूला कललेलं असतं. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने जातो, म्हणून डावा पाय आधी सोडावा. तो कडेला टेकतो आणि उजवा पुन्हा निघायला तयार पेडलमध्येच राहतो.

ब्रेव्हेला, म्हणजे लांब पल्ल्याच्या सायकलफेरीला जाणारे बरेच जण लहान धातूच्या क्लीटचं एसपीडी पेडल पसंत करतात. ती क्लीट बुटाच्या तळातल्या खोबणीत दडते, त्यामुळे टपरीवर चहाला उतरल्यावर नीट चालता येतं. रोडची प्लास्टिकची क्लीट अशा चालण्याने झिजते. शर्यतीत उतरणाऱ्यांनी शिमानोच्या लाल-निळ्या क्लीटचा विचार जरूर करावा. या रस्त्यांवर रोडचीच क्लीट हवी असेल तर मी शिमानोची पिवळी सुचवेन, आणि पेडलच्या मागचा स्क्रू फिरवून स्प्रिंग सर्वांत सैल ठेवायला सांगेन. चढावर उभं राहताना पाय आपोआप सुटू लागला, तरच ती थोडीथोडी आवळत जावी, आणि दोन्ही पेडलांना सारखीच.