‘तर’ आहे, पण ‘जर’ कुठे गेला?

१७ एप्रिल २०२४च्या संध्याकाळी माझ्या लॅपटॉपने मला सांगितलं, ‘४ तास १० मिनिटं शिल्लक’.

तारीख वाचून युएईतल्या वाचकांना बाकीचं कळलंच असेल. इतरांसाठी सांगते. आदल्या दिवशी इथे पाऊस झाला होता. अल ऐनजवळच्या खतम अल शकला इथे चोवीस तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर, म्हणजे १९४९पासून नोंदी ठेवायला लागल्यावरचा या देशातला सर्वांत मोठा पाऊस. कोकणातल्या माणसाला हा आकडा रोजच्यातला वाटेल, पण कोकणात पाणी उताराने समुद्राकडे जातं. इथे ते जिथे पडलं तिथेच बसून राहिलं. शारजातल्या आमच्या इमारतीच्या तळघरात पाणी शिरलं आणि वीज गेली. लिफ्ट बंद, राउटर बंद, आणि आम्ही नवव्या मजल्यावर.

१८ तारखेला सकाळी कराडला आप्पांची बायपास होती. माझं तिकीट होतं, पण दुबई विमानतळावर पाणी साचून शेकडो उड्डाणं रद्द झाली, त्यात माझंही गेलं. तेव्हा राहिला फक्त व्हिडिओ कॉल. फोन नऊ टक्क्यांवर आलेला, म्हणून तो लॅपटॉपलाच जोडला, त्याच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप चालवला आणि गूगल मीट उघडलं. (इथे व्हॉट्सॲपवरून कॉल लागत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच.) बॅटरी ६१ टक्के, वेळ ४:१०. म्हटलं, भरपूर आहे. निवांत बोलू.

आणि निवांतच बोलले. पहिली वीस-पंचवीस मिनिटं मी आप्पांना खिडकीतून रस्ता दाखवण्यात घालवली. बुडालेल्या गाड्या, कुठूनशी आणलेली होडी, दुधाच्या पिशव्या डोक्यावर धरून कमरेएवढ्या पाण्यातून येणारा दुकानातला पोरगा. आप्पा हसत होते. मधेच माझं लक्ष कोपऱ्यात गेलं तर १:४०. मग १:०२. बॅटरी जुनी, शेवटी अकरा टक्क्यांवरून एकदम खालीच बसली. कॉल सुरू होऊन पाऊण तासही झाला नव्हता. आप्पा म्हणत होते, “आणि हे बघ, एक तुला सांगायचं राहिलंच,” आणि पडदा काळा झाला.

शेवटचं आधीच सांगून टाकते: आप्पा व्यवस्थित आहेत. तेव्हा हा रडगाण्याचा लेख नाही. पण त्या दिवसापासून ‘४ तास १० मिनिटं’ हा मजकूर डोक्यातून गेलेला नाही. एखाद्या पुस्तकाचं परीक्षण करतात तसं मला या एका ओळीचं करायचं आहे. आपण दिवसातून अनेकदा वाचतो अशा ओळींपैकी ती एक, आणि तिची समीक्षा कुणी करत नाही.

ही ओळ येते कुठून? शाळेतलं काळ-काम-वेगाचं गणित आठवा. हौदात इतकं पाणी आहे, तळाच्या तोटीतून मिनिटाला इतकं जातं, तर हौद किती वेळात रिकामा होईल? लॅपटॉप हेच करतो. बॅटरीतली चिप आत-बाहेर जाणारा विद्युतप्रवाह सतत मोजत असते. त्यावरून किती वॉट-तास शिल्लक आहेत याचा अंदाज काढते, आणि सध्या जितके वॉट खर्च होत आहेत त्याने भागते. एवढंच. भागाकार बिनचूक असतो. गोची गणिताच्या गृहीतात आहे. शाळेतल्या हौदाची तोटी कुणी मधेच पिळत नाही. लॅपटॉपची तोटी आपण दर मिनिटाला पिळत असतो.

माझंच उदाहरण घ्या. नंतर मी विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढून पाहिला. बॅटरी मुळात ५० वॉट-तासांची, पण आता पूर्ण भरली तरी ३४च धरते. त्याचे ६१ टक्के म्हणजे साधारण २१. कॉलच्या आधी मी मंद उजेडात हॉस्पिटलचे कागद वाचत बसले होते. तेव्हा खर्च पाच वॉटच्या आसपास असणार, कारण २१ भागिले ५ म्हणजे चार तास आणि थोडं वर. तेच पडद्यावर आलं. मग कॅमेरा, माइक, वायफाय, पडद्याचा पूर्ण उजेड आणि वर फोनचं चार्जिंग. हा सगळा बोजा वीस-पंचवीस वॉटचा धरा. २१ भागिले २४ केलंत तर येतात बावन्न मिनिटं. म्हणजे लॅपटॉप खोटं बोलला नव्हता. ‘जर तू अशीच कागद वाचत बसलीस, तर चार तास दहा मिनिटं,’ असं त्याचं म्हणणं होतं. पडद्यावर फक्त ‘तर’ आला. ‘जर’ वाटेत कुठेतरी गळला.

कुठे गळला, हेही सांगता येतं. बॅटरीच्या चिपला हा ‘जर’ पक्का माहीत आहे. १९९०च्या दशकात ‘स्मार्ट बॅटरी’चं जे मानक ठरलं त्यात उरलेल्या वेळेच्या दोन वेगळ्या नोंदी आहेत: एक, या क्षणाच्या खर्चाने किती वेळ पुरेल, दुसरी, गेल्या एका मिनिटाच्या सरासरी खर्चाने किती. ज्यांनी हे लिहिलं त्या इंजिनिअरांना एकाच प्रश्नाला दोन उत्तरं असतात हे कळत होतं, म्हणून त्यांनी दोन खाने ठेवले. चिपपासून पडद्यापर्यंत येताना दोन्ही खान्यांच्या अटी पुसल्या गेल्या आणि उरला एकच आकडा. तोही मिनिटापर्यंत. ‘साधारण चार तास’ असं ऐकलं की माणूस सावध राहतो. ‘४:१०’ ऐकलं की घड्याळ लावतो. त्या दहा मिनिटांनीच माझा घात केला.

आता कुणी म्हणेल, मग हा आकडा काढूनच टाका. हे करून झालं आहे. डिसेंबर २०१६मध्ये ॲपलने मॅकच्या वरच्या पट्टीतून उरलेला वेळ काढून टाकला. त्याआधी ऑक्टोबरात टच बारवाला नवा मॅकबुक प्रो आला होता. ‘दहा तासांपर्यंत’ हा कंपनीचा दावा, आणि बॅटरी त्याच्या जवळपासही पुरत नाही ही गिऱ्हाइकांची तक्रार. कंपनीचं म्हणणं असं की टक्के अचूक असतात, पण आजचे प्रोसेसर खर्च इतका वरखाली करतात की वेळेचा अंदाज त्याबरोबर राहू शकत नाही. स्पष्टीकरण तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण गंमत बघा: पडद्यावरचा अंदाज गेला, खोक्यावरचे दहा तास राहिले. जो अंदाज तुमच्या स्वतःच्या वापरावरून निघत होता तो अविश्वसनीय ठरला. आणि जो कंपनीच्या चाचणीतल्या कुणा आदर्श माणसाच्या वापरावरून निघाला, तो जाहिरातीला चालला.

त्याच सुमारास ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या अमेरिकी संस्थेने त्या १३ इंची मॉडेलची चाचणी घेतली, तर एकाच मशीनवर एकदा सोळा तास, एकदा पावणेतेरा आणि एकदा पावणेचार तास आले. संस्थेने शिफारस नाकारली. कारण पुढे सापडलं: चाचणीसाठी त्यांनी सफारी ब्राउझरमधलं एक आडबाजूचं सेटिंग वापरलं होतं आणि तिथे एक दोष होता. ॲपलने तो दुरुस्त केला आणि जानेवारी २०१७मध्ये शिफारस मिळाली. एका दोषाने सोळाचे पावणेचार होतात. त्यामुळे पावणेचार तासांचा आकडा चुकीचा होता असं मला म्हणता येत नाही. आत काहीतरी बिघडलंय, हे त्यानेच तर सांगितलं.

माझ्या मते या आकड्याचा खरा उपयोग इथेच आहे. भविष्य म्हणून तो कच्चा आहे, तापमापक म्हणून उत्तम. काहीही वेगळं न करता सहा तासांचे अडीच झाले, तर मागे कुठलं तरी टॅब किंवा प्रोग्रॅम वीज खातो आहे. तो बंद करा, आकडा चढतो का बघा. आणि काम एकसुरी असेल तर भविष्य म्हणूनही तो चालतो. दुबई-मुंबईच्या तीन तासांच्या विमानात, वायफाय बंद करून, तुम्ही नुसतं टाइप करत असाल तर अंदाज बऱ्यापैकी जमतो, कारण तोटी तेवढीच उघडी असते.

आणि टक्के अचूक म्हणता, तर तेही तपासून घ्या. ६१ टक्के कशाचे? माझ्या बाबतीत ५०चे नव्हे, ३४चे. मूळच्या बॅटरीच्या हिशोबाने माझ्याकडे जेमतेम ४२ टक्के होते, पण पडदा दर वेळी उरलेल्यालाच शंभर म्हणतो. शिवाय लिथियम बॅटरीचा दाब मधल्या पट्ट्यात फारसा बदलत नाही, त्यामुळे चिपलाही आत किती उरलंय ते थेट ‘दिसत’ नाही. तीही मोजत मोजत अंदाजच बांधते, आणि बॅटरी जुनी झाली की शेवटच्या दहा टक्क्यांत फसते. तेव्हा टक्के म्हणजे खरं आणि वेळ म्हणजे खोटं, अशी वाटणी करू नका. टक्के हा एक अंदाज आहे, आणि वेळ हा अंदाजावरचा अंदाज.

हे आपल्यासारख्या आखातवासीयांना जास्त लागू आहे. लिथियम बॅटरीचे दोन शत्रू: उष्णता, आणि सतत पूर्ण भरलेलं राहणं. ॲपल आपले लॅपटॉप १० ते ३५ अंशांत वापरायला सांगते. जुलैत इथे बाहेरच पंचेचाळीस असतात, आणि आपण लॅपटॉपची बॅग गाडीच्या डिकीत टाकून मॉलमध्ये जातो. उरलेला वेळ तो टेबलावर, दिवसरात्र प्लगला. वीज जातच नाही, त्यामुळे बॅटरीची परीक्षाही होत नाही. ती आतल्या आत खंगते आणि कळतं कधी, तर ज्या दिवशी वीज जाते त्या दिवशी.

महाराष्ट्रात लोडशेडिंगच्या काळात वाढलेल्यांना हे वेगळं सांगावं लागत नसे. इन्व्हर्टर घ्यायला गेलं की दुकानदार कधीही नुसतं ‘चार तास चालेल’ म्हणायचा नाही. तो म्हणायचा, ‘दोन पंखे, दोन ट्यूब, चार तास. फ्रिज लावला तर माझ्याकडे यायचं नाही.’ यात ‘जर’ आधी येतो, वेळ नंतर. लॅपटॉपवाल्यांनी त्या दुकानदाराकडून शिकावं. पडद्यावर लिहायला काय हरकत आहे: ‘वाचन: साधारण ४ तास. व्हिडिओ कॉल: तासाच्या आत’? यंत्राकडे दोन्हींचा खर्च काढण्याइतकी माझ्या वापराची माहिती आहे. कॅमेरा सुरू करताना ‘याने वेळ फार कमी होईल’ एवढं एक वाक्य आलं असतं, तरी मी व्हिडिओ बंद करून नुसत्या आवाजावर बोलले असते. मुख्य म्हणजे, बुडालेल्या गाड्या नंतरसाठी ठेवल्या असत्या.

‘गूगल मॅप्सला तर बरोबर वेळ सांगता येते,’ असंही तुम्ही म्हणाल. शारजाहून दुबईला रोज सकाळी जाणारा माणूस त्या वेळेवर विश्वास ठेवतो, आणि बहुतेकदा ती खरी ठरते. पण मॅप्सला तुमच्या पुढे गेलेल्या शेकडो गाड्यांची चाल माहीत असते. लॅपटॉपच्या रस्त्यावर तुम्ही एकटेच. पुढे काय आहे हे फक्त तुम्हाला ठाऊक, आणि बऱ्याचदा तुम्हालाही नाही. म्हणून त्याने भविष्य सांगू नये. आपल्याला काय माहीत आहे तेवढं सांगावं.

असं सांगणारा एक माणूस मी लहानपणापासून पाहिला आहे. आप्पा एसटीत वाहतूक नियंत्रक होते, कराड स्टँडवर. खिडकीशी येऊन लोक दिवसभर एकच प्रश्न विचारायचे, ‘कोल्हापूर कधी येणार?’ आप्पांनी ‘दहा मिनिटांत’ असं कधीही म्हटलेलं मला आठवत नाही. ते म्हणायचे, “साताऱ्याहून पावणेचारला सुटलीय. अजून आत आलेली नाही.” लोक वैतागायचे. पण प्रत्येक जण आपापला हिशोब करायचा: कुणी चहाला जायचा, कुणी वडाप गाठायचा, कुणी बाकावर पिशवी ठेवून बसायचा. गाडी उशिरा आली तरी आप्पांनी फसवलं, असं कुणी म्हणू शकत नव्हतं.

ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी मी कराडला पोचले. बसल्या बसल्या विचारलं, त्या दिवशी काय सांगायचं राहिलं होतं? आप्पा म्हणाले, “काही नाही गं. गॅसचा नंबर लावायचा राहिला होता, तेवढंच.”

असेलही. त्यांना विचारायला माझ्याकडे त्या संध्याकाळी चार तास होते, असं मी धरून चालले होते.