पुढून बघायची गाडी, मागे बसायची गाडी

(शिरगाव, ता. पालघर येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मघाशी एकाने विचारलं, गाडीच्या डिझाइनवर कसलं व्याख्यान? अहो, तीनशे रुपयांच्या नाटकाची आपण तासभर चिरफाड करतो, मग तीस लाखांच्या वस्तूची का नको? (हशा) आणि विजेचं कौतुक मी इथे सांगायला नको. तारापूरचं अणुवीज केंद्र 1969 पासून आपल्या शेजारी आहे. मी बोलणार आहे ते रूपाबद्दल.

26 नोव्हेंबर 2024 ला महिंद्राने चेन्नईत दोन इलेक्ट्रिक एसयूव्ही लोकांपुढे आणल्या. बीई 6 आणि एक्सईव्ही 9ई. दोन्ही चाकणला बनतात. डिझाइनचे प्रमुख प्रताप बोस, आधी टाटा मोटर्समध्ये होते तेच. 15 ऑगस्ट 2022 ला या गाड्यांचे नमुने इंग्लंडमध्ये दाखवले होते. आता, नमुना म्हणून दाखवलेली गाडी कारखान्यातून बाहेर येईपर्यंत सहसा बरीच सौम्य होते. बीई 6 तशी झाली नाही. तेच टोकदार अंग, तेच सी आकाराचे दिवे.

मग काय, दोन तट पडले. एक म्हणतो, शेवटी आपल्याकडेही कुणीतरी धाडस केलं. दुसरा म्हणतो, ही गाडी आहे की रोबोटचं खेळणं? 9ई बद्दल तक्रार वेगळी होती, की एक्सयूव्ही 700 चीच मागची बाजू उतरती केली आणि पुढे दिव्यांची पट्टी लावली.

14 फेब्रुवारी 2025 ला बुकिंग उघडलं आणि पहिल्याच दिवशी 30,179 गाड्या नोंदल्या गेल्या. आकडा म्हणजे समीक्षा नव्हे, हे मान्य. पण आतली वाटणी बघा. 56 टक्के 9ई, 44 टक्के बीई 6. मी जिथे जिथे ऐकलं तिथे वाद रंगायचा बीई 6 वर, आणि नोंदणी जास्त झाली ती मोठ्या, जरा शांत दिसणाऱ्या गाडीची. फोटो आवडणं वेगळं आणि घरच्यांना घेऊन बसणं वेगळं.

माझं म्हणणं असं आहे की दोन्ही तट एकाच जागी उभे राहून भांडतायत. गाडीच्या पुढे. चेहरा चांगला की वाईट, एवढंच. मागचं दार उघडून कुणी बघत नाही.

थोडं तंत्र सांगतो. या गाड्यांत बॅटरी पायाखाली, जमिनीसारखी पसरलेली असते. मोटर मागच्या चाकांकडे. म्हणजे पुढच्या बॉनेटखाली इंजिन नाहीच, सामान ठेवायला जागा मिळते. तरी नाक एसयूव्हीचंच ठेवलं. त्याला मी नावं ठेवणार नाही, कारण धडकेचा मार झेलायला पुढे काहीतरी लागतंच, आणि भारत एनकॅपच्या चाचणीत दोन्ही गाड्यांना पाच तारे मिळाले आहेत. खरी गंमत पुढे आहे. बॅटरीमुळे गाडीचा तळ वर येतो. तळ वर आला की सीटवर बसलेल्याचे गुडघे वर येतात. अशा वेळी छप्पर उंच ठेवायचं, की मागे उतरतं करायचं? उतरतं केलं.

त्याला कारण आहे, हेही सांगितलं पाहिजे. मागे उतरतं छप्पर हवा नीट सोडतं, आणि हवेचा विरोध कमी झाला की त्याच बॅटरीवर गाडी जास्त पळते. शिवाय ते दिसतं छान. पण त्याची किंमत मोजतो कोण? मागे बसणारा.

आपल्याकडे मागे कोण बसतं? आजी बसते, बाळंतीण बसते, डहाणूला महालक्ष्मीला निघालेली आत्या बसते. माझ्या आईला मी एकदा अशाच एका उतरत्या छपराच्या गाडीत बसवलं. कंपनीचं नाव घेत नाही. आधी तिला दाराची कडी सापडेना, खांबात लपवलेली होती. मग वाकताना डोकं आपटलं. आत बसल्यावर म्हणाली, "गाडी चांगली आहे रे, पण ही तुझी आहे, माझी नाही." समीक्षेचं इतकं नेमकं वाक्य मला जमलेलं नाही.

सातपाटीला नवी बोट पाण्यात उतरते तेव्हा बघे तिचा रंग बघतात, नाळेचा बाक बघतात. खलाशी काय बघतो? जाळं ओढताना पाय कुठे रोवायचा ते. दोघंही खरं बघतात. पण बोट खलाशालाच चालवायची असते.

आणि रुंदी. दोन्ही गाड्या 1907 मिलिमीटर, आरसे धरले नाहीत तर. म्हणजे जवळजवळ सव्वासहा फूट. आपल्या शिरगावच्या आळीत समोरून टेम्पो आला की एकाला मागे जावं लागणार, आणि उतरत्या छपराच्या गाडीत मागच्या काचेतून दिसतं बेताचंच. कॅमेरे आहेत, हो. पण ड्रायव्हरला अजून मान वळवायची सवय आहे. (हशा)

आता पुढचं. 27 नोव्हेंबर 2025 ला त्याच महिंद्राने बंगळुरूला एक्सईव्ही 9एस आणली. पाया तोच, पण छप्पर जवळपास सरळ मागेपर्यंत, सात जागा, किंमत 19.95 लाखांपासून. डिझाइनची चर्चा करणाऱ्यांना ती जरा साधी वाटेल. मला विचाराल तर आलिशान हा शब्द तिलाच जास्त शोभतो. आलिशान म्हणजे चमकणारं बोधचिन्ह आणि तीन पडदे एवढंच नसतं. मान ताठ ठेवून बसता येणं हीही चैनच आहे, आणि गुडघेदुखी असलेल्या माणसाला विचारा, ती केवढी मोठी चैन आहे. बीई 6 मला शिल्प म्हणून आवडते, खोटं नाही बोलत. तरुण पोरापोरींनी जरूर घ्यावी. 9ई मात्र मला दोन्हीकडे पाय ठेवलेली वाटते. कुटुंबाची म्हणून विकायची, आणि पाठीवरून बघितलं तर एकट्या चालवणाऱ्याची.

आईला 9एस बद्दल सांगितलं. फोटो बघायला तिने चष्मासुद्धा लावला नाही. म्हणाली, "दाराची कडी दिसते का, ते आधी सांग."

चला, प्रश्न घेऊ.