घड्याळ की फूटपट्टी?

फेब्रुवारी २०१० च्या ‘नेचर’मध्ये होल्गर म्यूलर, आखिम पीटर्स आणि स्टीव्हन चू यांचा एक निबंध आला. उंचावरचे घड्याळ खालच्यापेक्षा किंचित जलद चालते, ही गुरुत्वीय ताम्रसृती. ती आपण ७ अब्जांश अचूकतेने पडताळली, असा त्यांचा दावा होता. १९७६ मध्ये अग्निबाणातून हायड्रोजन मेसर पाठवून मिळालेल्या अचूकतेच्या ही दहा हजार पट! आम्हीही शिक्षकांपुढच्या एका व्याख्यानात हा आकडा उत्साहाने सांगितला होता. आज सांगणार नाही.

निबंधाचा मुख्य आधार १९९९ चा जुनाच प्रयोग होता. अतिशीत सीझियम अणू कारंज्यासारखे वर उडवायचे, लेसरच्या तीन स्पंदांनी प्रत्येक अणूचा तरंग दोन वाटांवर फोडायचा, वळवायचा आणि पुन्हा जुळवायचा. वाटांमधला कलाफरक kgT² इतका. स्पंदांमधला काळ T ०.१६ सेकंद धरला तर हा फरक सुमारे ३७ लाख रेडियन भरतो! (k म्हणजे लेसरची परिणामी तरंगसंख्या, विद्यार्थ्यांकडून हे गणित जरूर करून घ्यावे.) काचेचा परावर्तक पाडणाऱ्या गुरुत्वमापकाशी हा g ७ अब्जांशांपर्यंत जुळला. प्रयोग अप्रतिम आहे, याबद्दल वाद नाही.

वाद नावाचा आहे. mc² ला प्लांकच्या स्थिरांकाने भागून अणू हे सेकंदाला ३×१०^२५ ठोके देणारे घड्याळ ठरवले गेले. पीटर वुल्फ, ल्यूक ब्लांशे, क्लोद कोएन-तानूजी प्रभृतींनी त्याच वर्षी हरकत घेतली. (१९९७ च्या नोबेलमध्ये चू आणि कोएन-तानूजी हे भागीदार होते!) त्यांचे म्हणणे असे: दोन्ही वाटांवरची ताम्रसृती आणि वेगामुळे होणारा कालबदल एकमेकांना तंतोतंत छेदतात. उरतो तो लेसरने दिलेला कलाफरक, म्हणजे अणू किती तरंगलांबी खाली आला याची मोजदाद. ही फूटपट्टी झाली. अणू आणि काच सारखेच पडतात, एवढेच ती सांगते.

म्यूलर प्रभृतींचे उत्तर होते की बऱ्याच सिद्धांतचौकटींत या दोन कसोट्या एकमेकींत गुंतलेल्याच असतात. त्यात तथ्य आहे. पण १९७६ मध्ये अग्निबाणाचा मार्ग रेडिओसंदेशांनी स्वतंत्रपणे मोजला होता. येथे अणूच्या वाटा सिद्धांतावरूनच काढलेल्या आहेत. आम्हाला हा मुद्दा निर्णायक वाटतो.

खऱ्या घड्याळांची प्रगती मात्र सावकाशच झाली. २०१४ मध्ये चुकीच्या, लंबवर्तुळाकार कक्षेत गेलेल्या दोन गॅलिलिओ उपग्रहांवरील मेसरांनी २०१८ मध्ये ती जुनी मर्यादा सुधारली, जेमतेम पाच पट.