अराइव्ह ट्रायल : पेपर चांगला, पण त्याच्या नावावर काय काय खपवलं जातं?

पेट पास झालात, गाईड मिळाले, आणि सरांनी पहिलंच काम दिलं : "दहा पेपर क्रिटिकली वाचून या." आता क्रिटिकली म्हणजे काय? बहुतेक जण पेपरमधल्या चुका शोधायला लागतात. सॅम्पल लहान आहे, आणखी संशोधन व्हायला हवं, संपलं. ही टीका कुठल्याही पेपरला चिकटवता येते, म्हणून ती निरुपयोगी असते. पेपरने नेमका कुठला प्रश्न विचारला, त्याचं उत्तर मिळालं का, आणि लोक त्या उत्तरावर कुठला वेगळाच प्रश्न सोडवतायत, हे तीन धागे सुटे करता आले पाहिजेत.

आज त्यासाठी एक गाजलेला पेपर घेऊ. अराइव्ह ट्रायल, ऑगस्ट 2018, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन, पहिले लेखक विल्यम ग्रोबमन. विषय असा : पहिलटकरणीचे 39 आठवडे भरलेत, बाई आणि बाळ दोघंही ठणठणीत आहेत. अशा वेळी औषध देऊन कळा आणाव्यात, की आपोआप येईपर्यंत थांबावं?

आधी सांगते, मी डॉक्टर नाही. माझी पीएचडी यीस्टवर आहे. पण कंट्रोल कसा निवडायचा हा प्रश्न यीस्टलाही असतो आणि बाईलाही.

आधीचे अभ्यास कुठे फसले होते?

आपल्याकडे 'नऊ महिने नऊ दिवस' म्हणतात, दवाखान्यात 40 आठवड्यांची तारीख देतात. त्या तारखेलाच बाळ जन्माला येणं हे फार थोड्यांच्या बाबतीत घडतं. म्हणजे शेवटचे दोन-तीन आठवडे नुसते वाट बघण्याचे. बॅग भरून दाराशी, रोज सासूबाईंचा आणि आईचा एकच प्रश्न, "काही होतंय का गं?" या वाट बघण्याला पर्याय म्हणजे कळा आणणं. पण वर्षानुवर्षं ऐकू यायचं की कळा आणल्या की सिझर वाढतात.

हे कशावरून? बरेचसे अभ्यास हॉस्पिटलच्या नोंदींवर होते. एका बाजूला ज्यांना कळा आणल्या त्या बायका, दुसऱ्या बाजूला ज्यांना आपोआप कळा आल्या त्या. पहिल्या गटात सिझर जास्त.

वाचताना पटतं. पण जरा थांबा. स्वारगेटच्या स्टॉपवर तुम्ही उभे आहात. तुमच्यापुढे पर्याय दोनच : रिक्षा करायची किंवा बसची वाट बघायची. 'आलेल्या बसमध्ये बसणं' हा पर्याय तुमच्या हातात नाही, कारण बस आलेलीच नाही. जुने अभ्यास रिक्षावाल्यांची तुलना बस मिळालेल्यांशी करत होते, बसची वाट बघणाऱ्यांशी नाही. वाट बघणाऱ्या बायकांमध्ये उद्या आपोआप कळा येणारी असते, तशीच पुढच्या आठवड्यात बीपी वाढणारी असते, आणि 41 आठवडे उलटल्यावर शेवटी कळा आणाव्याच लागणारीही असते. खरा कंट्रोल गट हा सगळा मिळून होतो.

अराइव्हचं मोठेपण इथे आहे. अमेरिकेतल्या 41 हॉस्पिटलांत 6106 पहिलटकरणींना चिठ्ठी टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं. एका गटात 39व्या आठवड्यातच कळा आणायच्या, दुसऱ्यात थांबायचं, आणि वैद्यकीय कारण आलं तर त्याप्रमाणे वागायचं. या पेपरमधून एकच गोष्ट शिकायची असेल तर ही शिका : तुलना दोन धोरणांची आहे, दोन प्रकारच्या प्रसूतींची नाही.

आकडे काय सांगतात?

सिझरचं प्रमाण कळा आणलेल्या गटात 18.6 टक्के, थांबलेल्या गटात 22.2 टक्के. हेच तीन तऱ्हांनी सांगता येतं. 'धोका 16 टक्क्यांनी कमी' हे एक. 'फरक 3.6 टक्क्यांचा' हे दुसरं. आणि तिसरं, 'एक सिझर टाळायला साधारण 28 जणींना कळा आणाव्या लागतील.' तिन्ही खरी आहेत, पण ऐकणारीच्या मनावर तिन्हींचा परिणाम सारखा होत नाही. बातमीत पहिलं येतं. तुम्ही लिहाल तेव्हा निदान दोन तरी द्या.

बीपीशी संबंधित त्रासही कळा आणलेल्या गटात कमी होता, 9.1 विरुद्ध 14.1 टक्के. उलट लेबर रूममधला वेळ मात्र वाढला, साधारण 20 तास विरुद्ध 14. जिथे लेबर रूममध्ये खाटाच मोजक्या, तिथे हे सहा तास कुठून आणायचे?

आता माझे आक्षेप

पहिला. हा ट्रायल सिझरसाठी आखलेलाच नव्हता. प्रायमरी आउटकम होता बाळाचा मृत्यू किंवा गंभीर त्रास. तिथे 4.3 विरुद्ध 5.4 टक्के, पी-व्हॅल्यू 0.049. "0.05 पेक्षा कमी आहे की!" असं म्हणाल, तर मेथड्स परत वाचा. मधल्या टप्प्यावर डेटा तपासल्यामुळे सीमा 0.046 वर आणलेली होती. म्हणजे मुख्य प्रश्नावर फरक सिद्ध झाला नाही, आणि लेखकांनी ते प्रामाणिकपणे लिहिलंय. गाजला तो सेकंडरी आउटकम. म्हणून तो खोटा ठरत नाही, पण त्याचं वजन थोडं कमी धरायचं.

दुसरा. हो कोण म्हणालं? पात्र बायका होत्या 22,533. तयार झाल्या फक्त 27 टक्के. कळा आणून घ्यायला मुळातच ज्यांची ना नाही, त्यांच्यावरचा निष्कर्ष 'ना' म्हणणाऱ्यांना जसाच्या तसा लावता येईल? कदाचित येईल, पण ते पेपरने दाखवलेलं नाही.

तिसरा. कोण कुठल्या गटात आहे हे डॉक्टरांना माहीत होतं. दुसरा इलाज नव्हता, कळांचं सलाईन लपवणार कसं? पण सिझर हा रक्तातल्या साखरेसारखा मोजून मिळणारा आकडा नाही. 'आता आणखी थांबायचं नाही' हा माणसाने घेतलेला निर्णय आहे, आणि त्यात मत शिरायला जागा असते.

चौथा आक्षेप पेपरवर नाही, त्याच्या वापरावर आहे, आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ट्रायलमध्ये फक्त '39वा आठवडा' नव्हता, त्याच्याबरोबर एक पूर्ण पद्धत होती. दिवस मोजलेले लवकरच्या सोनोग्राफीशी पडताळून घेतलेले. गर्भाशयाचं तोंड तयार नसेल तर आधी ते मऊ करायचं. आणि पुरेसा वेळ, किमान 12 तास, दिल्याशिवाय 'इंडक्शन फेल' म्हणायचं नाही, अशी शिफारस. यातला एकेक भाग काढून टाकला की उरतं ते अराइव्ह नाही. आपण प्रोटोकॉलमधलं इन्क्युबेशन निम्म्यावर आणतो आणि वर म्हणतो 'पेपरप्रमाणेच केलं', तसंच हे.

मी सध्या 37व्या आठवड्यात आहे, पहिलीच वेळ. मागच्या तपासणीत मला सांगण्यात आलं, "39 भरले की ॲडमिट व्हा, आता रिसर्चच तसा आहे." मी विचारलं, "मॅडम, इथे फेल कधी धरतात? किती तास थांबता?" उत्तर मिळालं, "ते वेळेवर बघू." मॅडम अनुभवी आहेत आणि त्यांच्या हाताबद्दल मला शंका नाही. पण मला जो आकडा हवा होता तो अमेरिकेचा नव्हता. याच दवाखान्यात पहिलटकरणीला कळा आणल्यावर काय होतं, तो हवा होता.

कारण मूळ प्रमाण जागेप्रमाणे बदलतं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) भारतात सरकारी दवाखान्यांतल्या प्रसूतींपैकी 14.3 टक्के सिझर होते, खासगीत 47.4. हे आकडे 22.2 शेजारी ठेवून थेट तुलना करू नका हं! यात दुसरेपणाच्या, आधी सिझर झालेल्या, गुंतागुंतीच्या सगळ्या केसेस आहेत. पण एवढं नक्की कळतं की दोन जागी निर्णय सारखे होत नाहीत. आणि निर्णयच वेगळे असतील, तर 3.6 टक्क्यांचा फायदा जसाच्या तसा इथे येईल हे गृहीत धरता येत नाही. तो जास्तही असू शकतो, कमीही, किंवा उलटाही.

याचा अर्थ कळा आणू नका असा नाही. बीपी, साखर, पाणी कमी होणं, बाळाची हालचाल मंदावणं अशी कारणं असतील तर हा पेपर तुमच्यासाठी नाहीच. त्यात निरोगी बायकाच होत्या. तिथे डॉक्टरांचं ऐका. आणि कारण नसताना कळा आणायच्या असतील, तर 'सिझर वाढतं' या जुन्या भीतीला अराइव्हने चांगलाच धक्का दिलाय, हेही मान्य करायला हवं. माझा वाद "रिसर्च आहे" या दोन शब्दांशी आहे. त्यापुढे 'कोणावर, कशाच्या तुलनेत, कुठल्या पद्धतीने' हे आलं नाही, तर ते दोन शब्द पेशंटचं तोंड बंद करण्यापुरतेच उरतात.

तुमच्यासाठी काम

तुमच्या विषयातला सगळ्यात जास्त साइट होणारा पेपर घ्या आणि एका पानावर चार ओळी लिहा : कंट्रोल कोण होता, प्रायमरी आउटकम काय होता, किती जणांनी किंवा नमुन्यांनी सुरुवातीलाच गाळणी पार केली, आणि पद्धतीतली कुठली पायरी तुमच्या लॅबमध्ये पाळली जात नाही. चौथी ओळ लिहिताना सीनियरना विचारा. बहुतेक ठिकाणी तिथेच थिसिसचा प्रश्न सापडतो.

पुढचा लेख कन्फिडन्स इंटरव्हलवर आहे. अर्धा लिहून झालाय. उरलेला कधी होईल ते मात्र आता माझ्या एकटीच्या हातात नाही.