मोजपट्टीची भाषा : मराठी शैक्षणिक कसोट्यांच्या सप्रमाणतेचा विचार

दिल्लीच्या कोपर्निकस मार्गावरील जुने महाराष्ट्र सदन हा राजधानीत येणाऱ्या मराठी माणसाच्या परिचयाचा पत्ता. २०१३ मध्ये कस्तुरबा गांधी मार्गावर नवे सदन सुरू झाले, तरी त्याचा परिचय ओसरलेला नाही. संघ लोकसेवा आयोगाच्या अखेरच्या टप्प्यासाठी महाराष्ट्रातून दिल्लीत येणाऱ्या उमेदवारांनाही तो ठाऊक असतो. या टप्प्याला रूढ भाषेत मुलाखत म्हणत असले, तरी आयोगाच्या परिभाषेत ती ‘व्यक्तिमत्त्व चाचणी’ आहे. २७५ गुणांची ही चाचणी मराठीतून देता येते. मुख्य परीक्षेची उत्तरेही मराठीत लिहिता येतात. पूर्वपरीक्षेची प्रश्नपत्रिका मात्र हिंदी आणि इंग्रजी या दोनच भाषांत असते. २०११ मध्ये पूर्वपरीक्षेत अभिक्षमतेची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आली आणि २०१४ मध्ये तिच्या हिंदी अनुवादाच्या दुर्बोधतेवरून दिल्लीत आंदोलन झाले. इंग्रजी आकलनाचे गुण त्या वर्षी गणनेतून वगळण्यात आले; २०१५ पासून ही प्रश्नपत्रिका ३३ टक्क्यांच्या केवळ पात्रतेपुरती उरली. या वादाची चर्चा भाषिक अन्यायाच्या अंगाने झाली, ती योग्यच होती. परंतु त्याच्या मुळाशी मापनशास्त्राचा एक जुना प्रश्न होता : तर्कशक्ती मोजण्यासाठी रचलेला प्रश्न जर अनुवादित वाक्य उलगडण्याची क्षमता मोजू लागला, तर हाती आलेला गुण कशाचा?

यालाच सप्रमाणतेचा प्रश्न म्हणतात. कसोटी दर वेळी सारखाच निकाल देते की नाही, ही विश्वसनीयता. ती जे मोजण्याचा दावा करते तेच मोजते की नाही, ही सप्रमाणता. क्रॉनबॅक व मील यांनी १९५५ मध्ये आणि पुढे मेसिक यांनी १९८९ मध्ये या संकल्पनेला जे वळण दिले, त्यानुसार सप्रमाणता हा कसोटीच्या अंगचा कायमचा गुण नव्हे. विशिष्ट लोकांविषयी, विशिष्ट कारणासाठी, गुणांचा जो अर्थ लावला जातो त्या अर्थाला पुराव्याने मिळालेला तो आधार होय. मराठीतील शैक्षणिक संशोधन या व्याख्या प्रकरणारंभी नित्यनेमाने देते. त्यांचा भाषेशी असलेला संबंध मात्र त्याने क्वचितच मनावर घेतला आहे.

असे का झाले हे पाहण्यासाठी धारवाडकडे वळावे लागते. १९०५ मध्ये पॅरिसला आल्फ्रेद बिने आणि तेओदोर सिमाँ यांनी शाळेत विशेष साहाय्याची गरज असलेली मुले ओळखण्यासाठी एक श्रेणी रचली. १९१६ मध्ये लुईस टर्मन यांनी स्टॅनफर्ड येथे तिचे अमेरिकन रूप सिद्ध केले. या रूपावरून व्ही. व्ही. कामत यांनी तत्कालीन मुंबई इलाख्यातील धारवाड परिसरातील २ ते १८ वर्षे वयाच्या १०७४ मुलांची परीक्षा घेऊन कन्नड व मराठी भाषकांसाठी श्रेणी तयार केली. तिचा वृत्तान्त १९३४ मध्ये इंग्लंडमधील शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकात आला. १९४० मध्ये पुस्तक प्रसिद्ध झाले आणि १९६७ मध्ये त्याची चौथी आवृत्ती निघाली. हेच ते ‘बिने-कामत’. त्याआधी १९२९ मध्ये हर्बर्ट राईस यांची हिंदुस्थानी श्रेणी लाहोरहून आली होती. पण मराठी मुलाला मराठीत प्रश्न विचारून त्याच्यासारख्याच मुलांशी त्याची तुलना करण्याची भूमी कामतांनी तयार केली. केवळ अनुवाद करून अमेरिकन मानके वापरण्याचा सोपा मार्ग त्यांनी घेतला नाही, याचे मोल आजही कमी नाही.

हा मार्ग का घ्यायचा नाही, हे टर्मन यांच्याच श्रेणीतील काही प्रश्नघटकांवरून कळते. नऊ वर्षांच्या मुलाला दिलेल्या शब्दाशी यमक जुळणारे शब्द सांगावयाचे असतात. इंग्रजीत त्यासाठी ध्वनीचा वेगळा शोध घ्यावा लागतो. मराठीत ‘जातो’ म्हटले की ‘येतो, खातो, गातो, धुतो’ ही रांग प्रत्ययाच्या बळावरच उभी राहते. मूल यमक शोधत नाही, क्रियापद चालवते. शब्द बदलला की काठिण्य बदलते, आणि काठिण्य बदलले की तो प्रश्न नवव्या वर्षाचा उरत नाही. महिन्यांची नावे क्रमाने सांगण्याचा घटक घेतला तर मराठी घरात चैत्र-वैशाख म्हणावयाचे की जानेवारी-फेब्रुवारी, हे शाळा, घर आणि पंचांग मिळून ठरवतात. नाणी ओळखण्याचा घटक तर राज्यकर्त्यांच्या निर्णयावर अवलंबून : १ एप्रिल १९५७ रोजी दशमान चलन आले आणि आणे-पै जाणणाऱ्या पिढीसाठी रचलेला असा कोणताही प्रश्न हळूहळू इतिहासाचा प्रश्न बनला.

नागपुरात आर्थर मॅलिन यांनी केलेले कार्यही याच जातीचे. वेक्स्लर यांच्या मुलांसाठीच्या कसोटीवरून त्यांनी भारतीय मुलांसाठी घडवलेली श्रेणी १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. इंग्रजी व हिंदीबरोबर तिचे मराठी रूपही आहे. एडगर डॉल यांच्या सामाजिक परिपक्वतेच्या श्रेणीचे भारतीय रूपांतरही त्यांचेच. डॉल यांच्या मूळ श्रेणीत काट्याने जेवता येणे हा परिपक्वतेचा एक टप्पा आहे. वरणभात हाताने कालवून खाणाऱ्या घरात या टप्प्याला काही अर्थ नाही, हे सांगण्यासाठी संख्याशास्त्र लागत नाही. परंतु त्याच्या जागी कोणते कौशल्य ठेवले असता ते त्याच वयाला येते, हे सांगण्यासाठी मात्र लागते. रूपांतराचा खरा कस या दुसऱ्या प्रश्नात असतो.

अडचण कामतांच्या किंवा मॅलिन यांच्या कामात नाही. त्यांच्यानंतर त्या कामाचे जे झाले त्यात आहे. मानके नाशवंत असतात. जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले की १९३२ ते १९७८ या काळात अमेरिकन लोकांचे बुद्धिगुणांक सुमारे १४ गुणांनी वर सरकले होते. हा आकडा जसाच्या तसा महाराष्ट्राला लावता येणार नाही; पण धारवाडच्या १९३० च्या दशकातील मुलांशी आजच्या लातूरच्या किंवा ठाण्याच्या मुलाची तुलना करणे किती धोक्याचे, हे त्यावरून समजावे. शिवाय बिने-कामत मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागून गुणांक काढते. या भागाकारातून निघालेला ७० हा आकडा सहाव्या आणि तेराव्या वर्षी समवयस्कांमधील एकच स्थान दाखवतो असे नाही. याच कारणाने स्टॅनफर्ड-बिनेने १९६० मध्ये ही रीत सोडली. भारतात ती दीर्घकाळ चालू राहिली.

यात मुलाचे काय पणाला लागते? बौद्धिक अक्षमतेच्या निदानात ७० च्या आसपासचा बुद्धिगुणांक हा रूढ उंबरठा आहे. जुनी मानके गुणांक फुगवतात. त्यामुळे साहाय्याची खरी गरज असलेले मूल उंबरठ्याच्या वर दिसते आणि प्रमाणपत्राविना परतते. उलट, घरी अहिराणी, गोंडी किंवा कोरकू बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीतील शब्दसंग्रहाचा प्रश्न विचारला, तर अपरिचित शब्दापुढचे त्याचे मौन मंदपणा म्हणून नोंदले जाते. या दोन चुका विरुद्ध दिशांच्या आहेत, म्हणून त्या परस्परांना रद्द करतात असे मानणे भाबडेपणाचे होईल. त्या वेगवेगळ्या मुलांच्या वाट्याला येतात.

वाचनाच्या बाबतीत तर लिपीच फसवते. हिंदी आणि मराठी दोन्ही देवनागरीत लिहिल्या जातात, तेव्हा हिंदीतील वाचनकसोटी थोड्या फेरफाराने मराठीत चालेल, असा समज होणे स्वाभाविक आहे. तो टिकत नाही. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतील ‘च’ एकाच अक्षराने लिहिला जातो, पण मराठी मूल ते दोन प्रकारे उच्चारते. ‘जेवण’ आणि ‘जाड’ यांचेही तसेच. लिपी येथे मदत करीत नाही. शब्द आधी ओळखीचा असावा लागतो. ‘ळ’ आणि ‘ऱ्य’ हे तर वेगळेच. म्हणून मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने वाचनअक्षमता ओळखण्यासाठी २०१५ मध्ये ‘डाली’ हा साधनसंच आणला, तेव्हा हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी यांसाठी स्वतंत्र सामग्री दिली, ही गोष्ट तत्त्वतः महत्त्वाची होती. धारवाडने दोन भाषांच्या मुलांसाठी एक श्रेणी केली. मानेसरने एकाच लिपीच्या दोन भाषांसाठी दोन साधने केली. दरम्यानच्या ऐंशी वर्षांतील समजुतीचे अंतर यात दिसते.

विद्यापीठीय संशोधनात मात्र हे अंतर क्वचितच कापले गेले आहे. शिक्षणशास्त्राच्या प्रबंधांत अभिवृत्तिमापिका तयार करण्याचा एक ठरीव विधी बनला आहे : पन्नास-साठ विधाने, लिकर्टच्या पद्धतीचे पाच पर्याय, तज्ज्ञांची संमती, क्रॉनबॅकचा अल्फा. अल्फा ०.८ च्या वर गेला की मापिका प्रमाणित झाली असे जाहीर होते. अल्फा विधानांची अंतर्गत सुसंगती सांगतो आणि विधानांची संख्या वाढली की तोही वाढतो. एकच विधान दहा प्रकारे फिरवून लिहिले तरी तो उत्तम येईल. सप्रमाणतेविषयी तो जवळजवळ मूक असतो. त्यातच उत्तरदात्याचे एकसुरी होकार टाळण्यासाठी म्हणून नकारार्थी विधाने घातली जातात. ‘तू गेला नाहीस ना?’ याला मराठी माणूस ‘हो, नाही गेलो’ असे उत्तर देतो. अशा भाषेत ‘मला गणित आवडत नाही’ या विधानापुढे ‘असहमत’ वर खूण करताना आठवीतला मुलगा गणिताविषयी बोलत असतो की नकाराच्या व्याकरणाशी झगडत असतो, हे त्याला मोठ्याने विचार करावयास लावूनच कळेल. वीस-पंचवीस मुलांबरोबर बसून केलेले असे काम कित्येक कोष्टकांहून अधिक सांगून जाते. प्रबंधांत ते सहसा आढळत नाही. परिशिष्टातील तज्ज्ञांच्या यादीत भाषेच्या प्राध्यापकाचे नाव असते, आणि त्यांच्याकडून बहुधा शुद्धलेखन तपासून घेतलेले असते.

वास्तविक त्यांच्याकडे विचारण्याजोगे पुष्कळ असते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असे संख्यावाचन आले आणि महाराष्ट्रात मोठा वाद झाला. वादाचा रोख मराठीच्या ऱ्हासावर राहिला. कसोटीकाराच्या दृष्टीने त्यातील मुद्दा निराळा होता. ‘एकोणसाठात सात मिळवले तर किती?’ हा तोंडी प्रश्न सोडवताना मुलाला आधी साठातून एक वजा करून ५९ पर्यंत पोचावे लागते आणि मग बेरीज. ‘पन्नास नऊ’ ऐकणाऱ्या मुलाला पहिली पायरी लागत नाही. एकाच वर्गातील दोन मुलांना एकाच बेरजेसाठी वेगवेगळे श्रम पडत असतील, तर गुणपत्रिकेतील त्या दोन अंकांना बेरजेचे गुण म्हणण्यापूर्वी संख्यानामांचा हिशेब आधी द्यावा लागेल.