ध्वनिमुद्रिकेतील स्त्रीगीत : शहापूर-मुरबाडच्या संदर्भात

शहापूर व मुरबाड हे ठाणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले आहेत. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर, उरलेल्या ठाणे जिल्ह्यातील ग्रामीण व आदिवासी जीवन विशेषेकरून या दोन तालुक्यांत दृष्टीस पडते. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली, कुणबी, आगरी असे अनेक समाज येथे शेजारी शेजारी नांदतात आणि त्यांच्या बोलीही एकमेकींत मिसळतात. येथील स्त्रियांची जात्यावरची, आवणीच्या वेळची व लग्नविधीतील गीते ध्वनिमुद्रित करावयाची झाल्यास ती कोणत्या दृष्टीने करावीत, हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. ‘पारंपरिक गीत’ या संज्ञेने नेमके काय अभिप्रेत आहे, याचे उत्तर त्यात अंतर्भूत आहे. या प्रश्नाच्या विचारास दोन ध्वनिमुद्रित उदाहरणे उपयोगी पडतात. त्यांपैकी एक घाटावरचे व मराठवाड्यातले आहे, तर दुसरे सर्वस्वी परके आहे.

साने गुरुजी, सरोजिनी बाबर प्रभृतींनी ओवीला मराठी वाङ्मयात प्रतिष्ठा मिळवून दिली, हे त्यांचे ऋण मोठे आहे. तथापि छापील ओवी ही गायिलेल्या ओवीचा सांगाडा होय. गाताना चरणाचा काही भाग पुन्हा येतो, मध्ये ‘बाई’, ‘सयांनो’ अशी संबोधने शिरतात, स्वर लांबतात आणि श्वासाची जागा अर्थाच्या जागेशी जुळतेच असे नाही. संपादक हे सारे अनावश्यक मानून गाळतो. परंतु गाणारीस पुढचा चरण जुळविण्याचा अवकाश या पुनरावृत्तीतच मिळतो. मौखिक रचनेचे ते अंगभूत साधन आहे.

गी पॉइतवँ व हेमा राईरकर यांनी पुण्यास राहून उभारलेला जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह या दृष्टीने अपूर्व आहे. मावळ-मुळशीच्या खेड्यांपासून पुढे महाराष्ट्रभर पसरलेल्या या कार्यातून एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेण्यात आल्या. १९९० नंतरच्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने अनेक गायिकांचे आवाज ध्वनिमुद्रित झाले, आणि २०१७ पासून हे भांडार ‘पारी’ या संस्थेने टप्प्याटप्प्याने प्रकाशात आणिले. परभणी जिल्ह्यातील ताडकळस येथील गंगूबाई अंभोरे यांचे १९९६ मधील गायन हे त्यातील एक मोलाचे अंग होय. त्यांच्या सीतेच्या वनवासाच्या ओव्यांत रानातील झाडेच बायका होऊन सीतेची समजूत घालतात. ही कल्पना कागदावर वाचली असता रम्य वाटते. गंगूबाईंच्या आवाजात ती ऐकली असता मात्र सीतेचे दुःख व गाणारीचे दुःख यांतील सीमारेषा पुसली जाते. हा परिणाम शब्दांनी साधलेला नाही; संथ लय आणि चरणान्ती रेंगाळणारा स्वर यांनी तो साधला आहे. छापील संहितेवर विसंबणारी समीक्षा येथे अपुरी पडते.

या संग्रहाविषयी एक शंका मात्र उपस्थित करावी लागते. त्याचे वर्गीकरण प्रामुख्याने विषयवार आहे: राम-सीता, भाऊ-बहीण, सासर-माहेर इत्यादी. एवढ्या मोठ्या सामग्रीस असे वर्गीकरण अपरिहार्य होते, हे मान्य केले पाहिजे. परंतु एका बैठकीत एक बाई सीतेवरून भावाकडे आणि भावावरून स्वतःच्या लेकीकडे कशी वळते, हा क्रम विषयवार मांडणीत तुटतो. त्या वळणांतच तिचे विचार करण्याचे तंत्र प्रकट होत असते. ध्वनिमुद्रण हा क्रम राखू शकते, आणि म्हणूनच सूचीपेक्षा ध्वनिफितीचा अधिकार मोठा मानावयास हवा.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील आहे. मिसिसिपी राज्याच्या वायव्येकडील सपाट कापूसप्रदेशास ‘डेल्टा’ म्हणतात. तेथील कृष्णवर्णीय शेतमजुरांत वाढलेले ब्लूज गायन मुख्यतः एकटा आवाज व एक गिटार यांवर उभे असते. रॉबर्ट जॉन्सन या गायकाने १९३६ व १९३७ मध्ये टेक्सासमध्ये २९ गीते मुद्रित केली आणि १९३८ मध्ये तो वारला. १९६१ मध्ये त्याची गीते नव्या तबकडीवर आली आणि एका तरुण पिढीने ती तबकडीवरून शिकून घेतली. त्याच पिढीतील रोरी ब्लॉक या गौरवर्णीय गायिकेस सन हाऊस यांसारखे वृद्ध गायक प्रत्यक्ष भेटले होते. २००६ मध्ये तिने जॉन्सनच्या गीतांची ‘द लेडी अँड मिस्टर जॉन्सन’ ही ध्वनिमुद्रिका काढली. तिच्या वादनातील निष्ठा असामान्य आहे. मूळ तबकडीतील बोटांची प्रत्येक हालचाल तिने अभ्यासिली आहे, आणि पुरुषाने रचिलेले ‘मी’ स्त्रीच्या कंठातून येताना गीताचा अर्थ काही ठिकाणी हलतो, हे या ध्वनिमुद्रिकेचे खरे आकर्षण आहे.

ब्लूजच्या कडव्यात पहिली ओळ बहुधा दोनदा म्हटली जाते व तिसरी ओळ तिला उत्तर देते. ओवीतील पुनरावृत्तीशी याचे कार्यसाम्य स्पष्ट आहे. दोन्हींकडे आवृत्ती ही विचाराची उसंत असते. ब्लॉकच्या गायनात मात्र पुढची ओळ आधीच ठरलेली आहे. तेथे आवृत्ती उरते, उसंतीचे प्रयोजन उरत नाही. शिवाय जी बोली ती गाते ती तिची जन्मभाषा नव्हे. ती ऐकून आत्मसात केलेली आहे. यामुळे ध्वनिमुद्रिका कमी प्रतीची ठरत नाही, पण तिची जात बदलते. ते परंपरेचे वाचन आहे. गंगूबाईंचे गायन ही त्या परंपरेतील उक्ती आहे. वाचन पुढे कधीही करता येते. उक्तीची संधी गाणारीबरोबर संपते.

हा भेद शहापूर-मुरबाडच्या संदर्भात निर्णायक ठरतो. ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०५ मधील सातव्या खंडात ठाकरी, कातकरी, वारली इत्यादी बोलींची दखल घेतलेली आहे. पण सर्वेक्षणाचा ठरीव नमुना म्हणजे बायबलमधील उधळ्या पुत्राचा दृष्टान्त, बोलणाऱ्याने स्वतः निवडलेले वाक्य नव्हे. ल. ना. चापेकर यांचा सह्याद्रीतील ठाकुरांवरील इंग्रजी ग्रंथ १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. या अभ्यासांनंतरही गाणाऱ्या स्त्रीची उक्ती तिच्या क्रमाने व तिच्या उच्चारांनिशी जतन करण्याचे काम शिल्लक राहते. पिठाच्या गिरणीने जाते घराच्या कोपऱ्यात लोटले आहे, आणि ज्यांनी जात्यावर बसून ओवी जुळविली त्या स्त्रिया आज वृद्ध आहेत.

उच्चारांचा आग्रह हा केवळ भाषाशास्त्रज्ञाचा हट्ट नव्हे. आगरी व तिच्या जवळच्या उत्तर कोकणी बोलींत ‘ण’च्या जागी ‘न’ आणि ‘ळ’च्या जागी ‘ल’ येतो. अशा बोलीत ‘पानी’ आणि ‘रानी’ (म्हणजे रानात) यांचे यमक निर्दोष जुळते, तसेच ‘डोला’ व ‘बोला’ यांचेही. संपादकाने ‘पाणी’ व ‘डोळा’ अशी शुद्धी केली की यमक मोडते, आणि मग तोच संपादक अशिक्षित स्त्रीच्या रचनेत यमकाची शिथिलता असते असा अभिप्राय देण्यास मोकळा होतो. दोष शुद्धीचा असतो, रचनेचा नसतो.

स्थळ व प्रसंग यांचाही विचार केला पाहिजे. वारली लग्नात धवलेरी गाते ते मनोरंजनासाठी नव्हे. तिच्या गाण्याने विवाहविधी सिद्ध होतो. आवणीचे गाणे चिखलात वाकलेल्या शरीराच्या श्वासावर चालते. ही गीते निःशब्द खोलीत आणून मुद्रित केल्यास आवाज स्वच्छ मिळेल, परंतु गीताला आकार देणारा प्रसंग बाहेर राहील. जात्याची घरघर हा ध्वनिमुद्रणातील दोष नसून ओवीचे ते एकमेव वाद्य आहे.

यावरून असे म्हणता येते की, या तालुक्यांतील स्त्रीगीतांच्या ध्वनिमुद्रिकेचे मूल्य तिच्या प्राचीनतेवर वा ध्वनीच्या निर्मळतेवर ठरू नये. एका विशिष्ट स्त्रीची उक्ती, तिच्या संमतीने व तिच्या नावाने, आवृत्तींसह व उच्चारांसह, तिने लाविलेल्या क्रमाने अखंड राखली गेली आहे काय, ही तिची कसोटी होय. ब्लॉकसारखी निष्ठावंत गायिका पुढे येथेही निर्माण होईल. पण तिला शिकावयास जॉन्सनची तबकडी तरी होती. शहापूर-मुरबाडच्या गाणारणीचा आवाज आज मुद्रित झाला नाही, तर उद्याच्या गायिकेपाशी निष्ठा असेल आणि ऐकावयास काहीच नसेल.