पर्यायाची मर्यादा

शब्दार्थ ठरविताना ‘अमरकोशा’तील पर्याय हाच अंतिम पुरावा मानणे सदोष आहे. त्यातील वनौषधिवर्गात ‘पलाश’ आणि ‘पर्ण’ हे शब्द पानाच्या पर्यायांत येतात, तसेच पळस या वृक्षाच्याही. कर्जत-खालापूरकडील ठाकुरवाडीत पळस आणि पान यांची गल्लत संभवत नाही. तेथे शब्दामागे झाड उभे असते. कोशाचा विषय मात्र, ‘नामलिंगानुशासन’ या त्याच्या नावाप्रमाणे, नाम व लिंग हा आहे, वस्तुवर्णन नव्हे. म्हणून क्षीरस्वामीच्या टीकेबरोबरच, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ साली आरंभिलेल्या ऐतिहासिक संस्कृत कोशातील प्रयोगही पाहावे लागतात. अन्यथा काव्यातील ‘पर्ण’ म्हणजे पान की पळस, हा निर्णय समीक्षकाच्या सोयीवर राहतो.